पाय बसवल्यानंतर
जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास एक कृत्रिम पाय घडवला. त्याआधीचा परदेशी धर्तीचा पाय बुटात घालावा लागे आणि घोट्यात वाकत नसे. मांडी घालणे, उकिडवे बसणे, चिखलात उतरणे त्याने जमत नसे, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी तो कोपऱ्यातच पडून राही. रबर आणि लाकडाचा हा ‘जयपूर फूट’ अनवाणी चालतो, भिजला तरी बिघडत नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते.

गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाला तो बसवताना खरी कसोटी सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीची असते. उरलेल्या पायावर मोजा चढवून हाडाचे उंचवटे पेन्सिलने खुणावतात, वर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. घट्ट झालेला साचा अलगद काढून त्यात प्लास्टर ओततात. तयार झालेल्या ठोकळ्यावर कारागीर कानस चालवतो. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा वजन पेलते, तिथे तो प्लास्टर तासतो. हाड टोचेल तिथे थर वाढवतो. मोजमापाची पट्टी इथे फारशी कामाची नाही, कारागिराचा अंगठाच ठरवतो. मग भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पाइप ठोकळ्यावर ओढतात, की सॉकेट तयार. पाय वाटपाच्या शिबिरात माणूस बहुधा त्याच दिवशी उभा राहतो, फोटो निघतो.

अडचण पुढे येते. कापलेला पाय पहिल्या काही महिन्यांत आक्रसतो. सॉकेट सैल होते, कातडी घासून जखम होते. मधुमेही माणसाला ती फार महागात पडते. वाढत्या वयाच्या मुलाला तर पाय पुनःपुन्हा बदलावा लागतो. तोवर शिबिर उठलेले असते. मेळघाटात धारणीकडच्या कोरकू आदिवासींच्या गावातून जिल्ह्याचे ठिकाण अमरावती शंभर किलोमीटरहून लांब, तेही घाटरस्त्याने. बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचे भाडे जमेस धरले, तर पाय फुकट असूनही दुरुस्ती परवडत नाही. चालण्याचा सराव तर बहुतेकांना मिळतच नाही.

यातले बरेचसे काम तालुक्यालाच होऊ शकते. जाड मोजा देणे, पट्टा बदलणे, जखम वेळीच ओळखणे हे ग्रामीण रुग्णालयातला फिजिओथेरपिस्ट आणि शिकवलेली गावची आशा कार्यकर्ती मिळून सांभाळू शकतात. नवे सॉकेट तेवढे जिल्ह्याला. शिबिराच्या अहवालात मात्र आजही वाटलेले पाय मोजले जातात. सहा महिन्यांनी त्यातले किती वापरात आहेत, हा रकानाही त्यात हवा.