मातीची गोष्ट : लाकूड निघून गेल्यावर

पालापाचोळ्याची माती कशी होते, ते मागच्या भागात पाहिलं. आता पुढचा प्रश्न : जंगलातून लाकूड निघालं की त्या मातीचं काय होतं?

हिमायतनगरहून इस्लापूर-किनवटकडे निघालं की पैनगंगेच्या खोऱ्यातलं सागाचं रान लागतं. नदीकाठची जमीन भारी, पण चढावर मुरूम आणि त्यावर कशीबशी वीतभर माती. तिचा सगळा कस वरच्या चार बोटांत असतो.

झाड तुटलं म्हणून माती लगेच मरत नाही. सागाच्या बुंध्याला फुटवे येतात आणि मुळं माती धरून ठेवतात. खरी हानी होते ती लाकूड बाहेर काढताना. ओंडके ओढून आणि ट्रॅक्टर फिरून मातीतल्या पोकळ्या चेपल्या जातात. पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाते ती याच पोकळ्यांतून. माती ओली असेल तर ती आणखी खोलवर दबते. पडताळा घ्यायचा तर एक तांब्या पाणी झाडाखालच्या पाचोळ्यात ओता, एक ओंडके ओढलेल्या वाटेवर. पाचोळ्यातलं पाणी मुरेल, वाटेवरचं उताराला लागेल. मृगाच्या सरी आल्या की याच चाकोऱ्यांचे ओघळ होतात आणि माती पैनगंगेला मिळते. सहस्रकुंड धबधब्याचं पावसाळी गढूळ पाणी पाहायला आपण गर्दी करतो. त्या गढूळपणात कोणाच्या तरी रानाची नि शेताची माती असते.

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक इथं 1965-66च्या हिवाळ्यात एका ओढ्याच्या पाणलोटातलं सगळं जंगल तोडलं आणि पुढं काही वर्षं तणनाशक मारून तिथं काही उगवू दिलं नाही. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं. जिवंत मुळंच नसल्यामुळं मातीतलं नत्र धरायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून तोडीनंतर येणारी झुडपं आणि फुटवे राखणं फार मोलाचं.

आपल्याकडं त्यात वणव्याची भर पडते. मोहफुलं वेचायला सोपं जावं, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून पाला पेटवतात. नत्र धुराबरोबर जातं, राख पहिल्या पावसात वाहते. सागाच्या रुंद पानांवर साचून पडणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि खाली पाचोळा नसेल तर तो माती उखडतो. नुसता साग लावला म्हणजे जंगल झालं, हे मला म्हणूनच पटत नाही. खाली झुडपं हवीत, गवत हवं, पाचोळा हवा.

ज्या गावांच्या शिवाराला जंगल लागून आहे, तिथल्या ग्रामसभांना आणि वन समित्यांना एक विनंती. तोड ठरेल तेव्हा तीन गोष्टी मागून घ्या : पावसाआधी वाहतूक संपवणं, ओंडके नेण्याची एकच वाट ठरवून नंतर तिच्यावर आडवे बांध घालणं, आणि फांद्या, पाला, साल रानातच सोडणं. सागाच्या सालीत चुना भरपूर असतो, तो तिथल्याच मातीला परत मिळू द्या.