एका ठिपक्यात काय दिसतं?

ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आधी ठिपके देतो, रेघा नंतर जोडतो. आज ज्या चित्रकाराची ओळख करून घेणार आहोत, त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मुख्यतः ठिपकाच रंगवला. त्यांचं नाव सय्यद हैदर रझा.

रझा यांचा जन्म १९२२ सालचा, मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात. शाळेत या मुलाचं चित्त थाऱ्यावर नसे. एकदा गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढला आणि त्याच्याकडेच बघत बसायला सांगितलं. पोराचं मन हळूहळू स्थिरावलं.

पुढे नागपूर आणि मुंबईत ते चित्रकला शिकले. १९५० साली फ्रान्सला गेले, तिथे नाव कमावलं. तरी चित्रात आपली माती उतरत नाही, ही रुखरुख होती. म्हणून ते भारतात येऊन फिरले. अजिंठा-वेरूळ पाहिलं, बनारस, राजस्थान पाहिलं. मग १९८०च्या सुमारास तो लहानपणचा ठिपका मोठा काळा गोल होऊन त्यांच्या चित्रात आला. त्याला ते ‘बिंदू’ म्हणत.

कुणी विचारेल, नुसत्या गोलात समजायचं काय? पेरणीचं बी आठवा. बी फोडलं तर आत झाड दिसत नाही, पण झाड येतं त्यातूनच. छांदोग्य उपनिषदात बाप मुलाला वडाचं फळ फोडायला लावून हेच समजावतो. रझांचा बिंदू म्हणजे असं बी. त्याच्याभोवती त्यांनी लाल, पिवळे, निळे रंग मांडले आणि पंचमहाभूतं दाखवली. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची खूण म्हणजे हा बिंदू. रझा जन्माने मुसलमान, पण बी आणि माती सगळ्यांचीच, नाही का?

अशी चित्रं शिकलेल्यांसाठीच असतात, असं आपण मानतो. पण बी पेरणारी आणि ठिपके देणारी बाई ती आपल्या परीने वाचू शकते.

आपलं मन अर्धं चुलीपाशी, अर्धं गोठ्यात. ठिपक्याने काम हलकं होणार नाही. पण दिवसातली पाच मिनिटं स्वतःची असावीत, एवढं तर आपण मागू शकतो. पुढच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून करून बघूया. भिंतीवर एक ठिपका काढा, पाच मिनिटं गप्प बसा. मग काय वाटलं ते एकमेकींना सांगा.