प्रवाशांचा हंगाम बारमाही कसा करावा?

बारमाही बागायतीचे मोल शेतकऱ्यांस सांगावयास नको. प्रवाशांचे उत्पन्न मात्र बहुतेक गावी हंगामीच राहते. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे गाव घ्या. तेथे स्ट्रॉबेरीची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते व हिवाळाभर फळ चालते. पुढे उन्हाळी सुटीची गर्दी होते. पाऊस लागला की अशा गावांतून पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या ओस पडतात; त्यांवरील कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

४ मे २०१७ रोजी भिलारास ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. घरे, शाळा, मंदिरे यांतून मराठी पुस्तके वाचावयास ठेवली आहेत. वाचनास ना ऊन लागते ना फळ. मुसळधार पावसात ते अधिकच रंगते! ग्रामपंचायतीने शोधावयाची ती अशीच गोष्ट, जी रिकाम्या महिन्यांत चालेल.

भर हंगामात आणखी गर्दी ओढणे मात्र हिताचे नाही. याच जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या बहरात प्रवेशशुल्क घेतात आणि रोजच्या प्रवाशांच्या संख्येस मर्यादा घालतात. डोंगरी गावी मे महिन्यात झरे आटतात, आणि पाहुणा नेमका तेव्हाच पाणी मागतो. म्हणून ग्रामसभेने आधी पाण्याचा हिशेब मांडावा, मग खोल्यांची संख्या ठरवावी. केरकचरा व शौचालये यांची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी.

आणखी एक सूचना. पाहुण्यांस फळे तोडू द्यावयाची असल्यास, औषध फवारलेल्या वाफ्यांत प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत कोणासही सोडू नये.