तोच कोड इथे चालतो, तिथे का नाही? कंपाइलर आणि स्टँडर्डची भानगड

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट होती. मी सवयीने वर आयओस्ट्रीम डॉट एच लिहिलं, खाली व्हॉइड मेन, आणि रन दाबलं. एरर! कॉलेजच्या लॅबमध्ये हाच कोड मुकाट चालायचा. एरर नीट न वाचता मी लॉजिकमध्ये चूक शोधत बसलो आणि वेळ संपला. नोकरी हुकली.

लॅबमध्ये होतं टर्बो सी प्लस प्लस, तेच निळ्या स्क्रीनवालं. ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ स्टँडर्ड आलं 1998 मध्ये. म्हणजे नियम छापले जायच्या आधीचा कंपाइलर आम्ही वापरत होतो. तो बिचारा नियम पाळणार कसे?

पण आजचे कंपाइलर तरी स्टँडर्ड शंभर टक्के पाळतात का? नाही. स्टँडर्ड म्हणजे कोड नव्हे, इंग्रजीत लिहिलेलं हजाराहून जास्त पानांचं नियमांचं पुस्तक. ते वाचून कंपाइलर लिहायचा माणसांनीच. कागदावर एक परिच्छेद लिहिणं सोपं असतं, तो चालवून दाखवणं वेगळं.

'एक्स्पोर्ट'चंच बघा. टेम्प्लेटचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवता यावा म्हणून 1998 च्या स्टँडर्डमध्ये ही सोय घातली. तोवर ती कुणी पूर्ण बनवून पाहिलीच नव्हती. ईडीजी नावाच्या छोट्या टीमने ती खरंच बनवली, त्यात वर्षाहून जास्त काळ गेला, आणि बनवणाऱ्यांचाच सल्ला होता की बाकीच्यांनी या फंदात पडू नये. जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टने ती कधीच बनवली नाही. शेवटी 2011 च्या स्टँडर्डमधून ती काढून टाकली. म्हणजे तेरा वर्षं हे मोठे कंपाइलर कागदोपत्री 'अपूर्ण' होते, आणि माझ्या मते बरोबर तेच होते.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे: जुना कोड. व्हिज्युअल सी प्लस प्लस 6 मध्ये फॉर लूपमध्ये जाहीर केलेला 'आय' लूप संपल्यावरही वापरता यायचा. स्टँडर्ड म्हणतं, लूप संपला की तो संपला. आता मायक्रोसॉफ्टने हे एका रात्रीत दुरुस्त केलं असतं, तर त्या सवयीवर लिहिलेले लोकांचे प्रोजेक्ट बंद पडले असते. मग आधी एक स्विच दिला आणि नंतर, 2005 च्या आवृत्तीत, योग्य वागणं डिफॉल्ट केलं.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हेच आहे. त्याचा पाया लिनक्स कर्नल, आणि तो शुद्ध स्टँडर्ड सीमध्ये लिहिलेला नाही. त्यात जीसीसीने स्वतःच्या मनाने वाढवलेल्या सोयी भरपूर वापरल्यात. नंतर क्लँगने कर्नल कंपाइल करायचा म्हटल्यावर त्यालाही त्यातल्या बऱ्याच सोयी शिकाव्या लागल्या. स्टँडर्डमध्ये नसलं तरी चालतं, पण लिनक्स कंपाइल झालं नाही तर कंपाइलर वापरणार कोण?

आणि हो, तुम्हीसुद्धा बहुतेक रोज नियम मोडताय. सी प्लस प्लसमध्ये आधी युजरकडून 'एन' घ्यायचा आणि मग 'इंट ए', चौकटी कंसात एन, असा ॲरे करायचा. ही सोय सी च्या 1999 च्या स्टँडर्डमधली, सी प्लस प्लसमध्ये ती कधीच नव्हती. जीसीसी आणि क्लँग चालवून घेतात, मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर घेत नाही. फोनवर टर्मक्समध्ये क्लँग टाकलं असेल तर कंपाइल करताना 'पेडँटिक एरर्स' हा पर्याय जोडून बघा. कालपर्यंत चालणारा तोच ॲरे अडेल. एन बदलता हवा असेल तर व्हेक्टर वापरा, तो तिन्हीकडे चालतो.