हमालाचे काम आणि विज्ञानातले कार्य

लोणावळ्यास आमच्या संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी सहावी-सातवीची मुले अभ्यासाला बसतात. हमाल, गँगमन, चिक्कीच्या भट्टीवरचे कामगार यांची ही मुले. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे मिळाले ते वाचनालयातून. तेव्हा शिकविता शिकविता आम्हीही शिकतो.

एके दिवशी आम्ही धडा घेत होतो, की ओझे घेऊन नुसते उभे राहिल्यास विज्ञानाच्या भाषेत कार्य शून्य. एका हमालाच्या मुलीने विचारले, "काका, मग बाबा पोते घेऊन उभे राहतात, ते काहीच करीत नाहीत का?"

हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. विज्ञान आपल्या बापाच्या घामाला शून्य म्हणते असे ज्या मुलीला वाटले, ती विज्ञानाकडे पुन्हा कशाला वळेल?

आम्ही मुलांना भरलेला तांब्या हात लांब करून धरावयास लावला. दोन मिनिटांत हात थरथरू लागले. मग तोच तांब्या फळीवर ठेवला. फळी काही थकली नाही. येथेच उत्तर आहे. विज्ञानातले कार्य म्हणजे बलाने वस्तूला दिलेली ऊर्जा. स्थिर तांब्याला नवी ऊर्जा मिळत नाही, म्हणून त्याच्यावरचे कार्य शून्य. परंतु स्नायू म्हणजे फळी नव्हे. ताण टिकविण्यासाठी त्यांतील तंतू अन्नातली ऊर्जा सतत खर्च करतात व तिची उष्णता होते. शून्य आहे ते पोत्याच्या खात्यात. हमालाच्या खात्यात खर्च पडलेलाच असतो.

आता पोते उचलू. 50 किलोचे पोते 3 मीटर वर चढविले की सुमारे 1,470 ज्यूल कार्य होते. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे पोते सुमारे 2,450 वेळा चढवावे, तेव्हा एक युनिट भरते. 100 वॅटचा दिवा ते 10 तासांत संपवितो!

हेच काम आपल्या घाटात पाणी करते. लोणावळा, वळवण व शिरवता या तलावांचे पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली उतरते आणि टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहात चाके फिरविते. हे 1915 सालापासून चालू आहे. 200 लिटरची पाच पिंपे पाणी एवढे खाली आले की 49 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घट वजा जाता एका युनिटाहून थोडी अधिक वीज हाती लागते. आणि ही पिंपे वर चढविली कोणी? समुद्राची वाफ करणाऱ्या सूर्याने. तोच सर्वांत मोठा हमाल.

पाणी मात्र संपत नाही. एरवी ते इंद्रायणीतून पूर्वेस भीमेकडे गेले असते. आता पाताळगंगेतून पश्चिमेस समुद्राला मिळते. वीज कोणाला आणि पाणी कोणाचे, हा वाद मोठ्यांचा आहे. पण उद्या तो ज्यांना सोडवावयाचा आहे, त्यांना हा हिशेब मांडता आला पाहिजे.

सभाजनहो, यास प्रयोगशाळा लागत नाही. तांब्या, वजनकाटा, मोजपट्टी आणि आठवड्यातला आपला एक तास पुरे. त्या मुलीने वहीत बापाच्या दिवसभराच्या पोत्यांचा हिशेब मांडला व घरी नेऊन दाखविला. तिला ज्यूल कळला, आणि बापाची किंमतही कळली.