‘रूल’ आणि ‘प्रिन्सिपल’ : नियम, नेम आणि तत्त्व

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेले आणि परिषद रद्द झाल्यामुळे १९३६ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने परिचित आहे. त्यातील युक्तिवादाचा एक महत्त्वाचा सांधा ‘रूल’ आणि ‘प्रिन्सिपल’ या दोन शब्दांतील भेदावर बसविलेला आहे. ‘रूल’ काय करावे ते नेमके सांगतो, पाककृतीप्रमाणे. ‘प्रिन्सिपल’ कृती सांगत नाही, ते कृती पारखण्याची दृष्टी देते. ‘रूल’ योग्य असला तरी त्याबरहुकूम घडलेली कृती यांत्रिक असू शकते. तत्त्व चुकीचे असले तरी कृतीची जबाबदारी मात्र कर्त्याची असते. या विवेचनावर आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांचा ठसा स्पष्ट आहे. जो धर्म केवळ ‘रूल’चा संग्रह होतो, तो ही जबाबदारीच नष्ट करतो, हा आंबेडकरांचा आक्षेप होय.

मराठीत ‘रूल’साठी सर्रास ‘नियम’ योजला जातो आणि येथेच अर्थ निसटतो. ‘रूल’चे मूळ लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ रेघ आखण्याची पट्टी. म्हणजे दुसऱ्याने आखून दिलेले. ‘नियम’ मात्र ‘यम्’, आवरणे, या धातूपासून आला आहे. योगशास्त्रातील शौच-संतोषादी पाच नियम साधकाने स्वतःवर घातलेले असतात. मराठीत त्याचाच ‘नेम’ झाला. वारकऱ्याचा वारीचा नेम कोणी लादलेला नसतो. परिणामी आंबेडकर ज्यावर प्रहार करतात, त्या लादलेल्या आज्ञेला अनुवादात स्वेच्छेच्या व्रताची प्रतिष्ठा मिळते. या संदर्भात ‘विधिनिषेध’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

‘तत्त्वा’ची अडचण वेगळी. ‘सूर्यास्तानंतर न जेवणे हे माझे तत्त्व आहे’, असे सहज म्हटले जाते. वस्तुतः तो नेम असतो!

या भेदाचे पडसाद जयपूरमध्येही दिसतात. तेथील उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा उभारण्यात आला. त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो हलविण्याचा ठराव केला, परंतु त्यास आव्हान दिले गेले आणि पुतळा जागीच राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन स्त्रियांनी त्यास काळे फासले. मनू हा आद्य विधिकार, असे पुतळ्याचे समर्थक सांगतात. विधिकार देतो ते ‘रूल’. आंबेडकरांनी ‘प्रिन्सिपल’चे उदाहरण म्हणून घेतलेला शब्द आहे न्याय.