झाडूचे कंत्राट

लष्करी तळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तोफा उभ्या राहतात. झाडू काही येत नाही. तरीही अमेरिकेतील तळांवर इमारती झाडणे, हिरवळ कापणे ही कामे सरकार पुष्कळदा कंत्राटाने देते. निविदा भरणारा फरशीचे क्षेत्रफळ पाहतो, कोणती खोली आठवड्यातून किती वेळा झाडायची ते पाहतो आणि त्यावरून माणसांचे तास काढतो. या कामात यंत्रे थोडी, मजुरी फार. मग दर उतरवायचा तर कात्री कोठे लागणार? मजुराच्या वेतनालाच!

सरकारी बांधकामावरील मजुरांना १९३१ च्या आणि सरकारला माल पुरविणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना १९३६ च्या कायद्याने संरक्षण मिळाले होते. झाडूवाला मात्र १९६५ पर्यंत उघड्यावरच राहिला. त्या वर्षीच्या सेवा-कंत्राट कायद्याने २,५०० डॉलरांवरील कंत्राटांत, श्रमखात्याने ठरविलेले त्या भागातील प्रचलित वेतन देणे बंधनकारक केले. वेतनाचा तळ सर्वांना सारखाच झाल्यावर चढाओढ उरली ती नियोजनाची, देखरेखीची आणि नफ्याच्या प्रमाणाची.

स्वस्ताई आपणा सर्वांनाच हवी असते. पण ती कोणाच्या ताटातून येते, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.